मनालीची तारीख

"समोरून एक आंधळा माणूस पांढरी काठी टेकत रस्ता ओलांडतोय. तुम्ही काय कराल?" सानवीने फोनवरचा प्रश्न मोठ्याने वाचला.

"गाडी थांबवीन," मनाली म्हणाली. ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती आणि तिची नजर मेथीवरच होती.

"हॉर्न नाही वाजवणार?"

"कशाला? त्याला दिसत नाही, ऐकू तर येतं ना. उगाच दचकेल बिचारा."

सानवी हसली. "काकू, तू पाठ करत नाहीस. मनाने सांगतेस."

"पण बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

ओट्याशी पोळ्या लाटत असलेली सानवीची आई कांचनही हसली. संध्याकाळची वेळ होती. खाली गल्लीत शाकवाल्याची हातगाडी उभी होती आणि कोणीतरी कोथिंबिरीवरून त्याच्याशी हुज्जत घालत होते. बडोद्याच्या नागरवाड्यातल्या त्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कारखानिसांचे घर होते. सानवीला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती आणि तिला कच्चे लायसन्स काढायचे होते. तिच्याबरोबर तिच्या काकूनेही काढायचे ठरवले होते. संगणकावर पंधरा प्रश्न येणार, रस्त्यावरच्या खुणा ओळखायच्या, नियम सांगायचे. मनालीला गुजराती बोलता येई, पण वाचताना ती अडखळे. म्हणून तिने परीक्षेसाठी हिंदी निवडली होती. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना तिचे तेच चाललेले असे.

कारखानीस म्हणजे बडोद्यातले जुने मराठी घर. अण्णांचे, म्हणजे दत्तात्रेय कारखानिसांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. आपल्या घरातल्या मुली सर्वांत आधी शाळेत गेल्या, हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. आता त्यांना बोलता येत नव्हते. त्यांचा थोरला मुलगा भास्कर विमा कंपनीत अधिकारी होता. त्याची बायको कांचन एका माध्यमिक शाळेत समाजशास्त्र शिकवी. ती स्वतः गाडी चालवी, सभांतून बोले, आणि वर्गातल्या मुलींना "नोकरी केल्याशिवाय लग्न करू नका गं" असे बजावी.

मनाली ही तिची धाकटी जाऊ, भास्करच्या धाकट्या भावाची, आशयची बायको. आशय नंदेसरीला एका केमिकलच्या कारखान्यात होता. पाळी संपवून मोटरसायकलवरून परतताना ट्रकने त्याला उडवले. मूलबाळ नव्हते. मनालीचे माहेर नवापूरला. वडील गेलेले, भावाचा संसार बेताचा. दिवसकार्य झाल्यावर भास्कर सगळ्यांसमोर म्हणाला, "ती कुठेही जाणार नाही. हे तिचंच घर आहे." कांचनने पुढे होऊन जावेच्या कपाळाला स्वतःच्या हाताने टिकली लावली होती. जमलेल्या बायकांचे डोळे पाणावले होते. पुढे कितीतरी दिवस लोक त्या टिकलीबद्दल बोलत होते.

पुढच्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांची सेवा करायला बाई ठेवली होती. एका सकाळी बाई आली नाही, म्हणून मनालीने त्यांचे अंग पुसून दिले. दुसऱ्या दिवशीही तिनेच पुसले. त्यानंतर बाईला कुणी बोलावलेच नाही. अण्णांचे दूध, औषधे, कुशीवर वळवणे, लंगोट बदलणे, दुपारी चमच्याने वरणभात भरवणे, सगळे मनालीकडे आले. "तू हे करशील का" असे तिला कुणी विचारले नाही आणि "तूच कर" असेही कुणी म्हणाले नाही. त्या घरात हे असे मुकाट्याने ठरून गेले, आणि सगळ्यांना ते सोयीचे झाले.

इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वीबेन राहत. त्यांच्या शाळेच्या व्हॅन होत्या. मराठी शेजारात वाढल्यामुळे त्या मोडकेतोडके मराठी बोलत. एके दिवशी जिन्यात त्यांनी मनालीला थांबवले.

"मनाली, मला बालमंदिरच्या पोरांसाठी बेनच जोईए. पुरुष ड्रायव्हर ठेवला की मम्मी लोकांचा जीव टांगणीला. तू शीखी जा ने! कच्चं लायसन काढ, क्लास लाव. जूनमध्ये शाळा उघडली की व्हॅन तुझी."

मनाली वर आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळलेला होता की सानवीने विचारले, "काकू, काय झालं?" तिने सांगितले आणि सानवीने तिला मिठीच मारली. भास्कर म्हणाला, "वा! छान." कांचननेही मनापासून सांगितले, "नक्की कर. मी भरते तुझा अर्ज." अर्जासाठी फोनवर जो ओटीपीचा आकडा येतो तो कांचनच्याच फोनवर येई. आशय गेल्यानंतर मनालीच्या सगळ्या कागदांवर कांचनने आपलाच नंबर घातला होता. घरातले असले काम तीच बघे. एका रविवारी तिने दोन्ही अर्ज पाठोपाठ भरले, आधी मुलीचा, मग जावेचा.

त्या दिवशी तिच्या मनात काहीही वाकडे नव्हते.

ते आले पुढच्या शनिवारी. पूर्वीबेननी मनालीला व्हॅनमध्ये बसवून सगळ्या शाळांचा रस्ता दाखवायला नेले. कांचनला सुट्टी होती. "मी आहे ना घरी, तू जा बिनधास्त," ती म्हणाली. मनाली गेली आणि थोड्याच वेळात अण्णांच्या खोलीतून वास आला.

कांचनने भास्करला हाक मारली. तो दाराशी आला, आत पाहिले आणि म्हणाला, "अगं, मनाली येईलच की." मग तो गॅलरीत जाऊन फोनवर बोलत उभा राहिला. कांचनने ओढणी नाकावर बांधली. अण्णांना वळवताना तिचा हात निसटला, चादर भरली, तिला उमासा आला आणि ती बेसिनकडे धावली. परत आली तेव्हा अण्णा तिच्याकडेच पाहत होते. ओढणीच्या वर उरलेल्या तिच्या डोळ्यांत जे होते ते त्यांनी वाचले असावे. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सगळे आवरून होईपर्यंत ते उघडले नाहीत.

दुपारी मनाली रस्त्यांची नावे गुणगुणत घरात आली. तिने चादर पाहिली आणि लगेच भिजत घातली.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा कांचनच्या मनात आले, जूनपासून हे रोज. सकाळची शाळा, पेपर तपासणे, पर्यवेक्षकपदासाठी तिचे नाव पुढे होते ते, आणि त्यात हे. तिने भास्करला म्हटले, "परत बाई ठेवावी लागेल."

"अण्णांना परक्याचा हात चालायचा नाही आता," भास्कर म्हणाला. "आणि खरं सांगू? मनालीने रस्त्यावर गाडी चालवावी हे मला पटतच नाही. घरातला एक माणूस रस्त्यावर गेलाय."

कांचनला ते वाक्य बरे वाटले. त्यात काळजी होती, आशयची आठवण होती. आपण जे बोलू शकत नाही त्यावर ते पांघरूण घालता येण्यासारखे होते.

काही दिवसांनी शाळेत मधल्या सुट्टीत तिच्या फोनवर दोन निरोप आले, एक सानवीच्या परीक्षेच्या तारखेचा आणि एक मनालीच्या. दोघींची तारीख एकच होती, वेळही एकच. आयटीआयच्या इमारतीत सकाळी.

घरी गेल्यावर ती म्हणाली, "सानवी, तुझी तारीख आली."

"आणि काकूची?"

संध्याकाळी सांगू, असे ठरवूनच ती घरात शिरली होती, असे पुढे तिने स्वतःला कितीदा तरी सांगितले. पण त्या क्षणी मनाली अण्णांच्या खोलीतून ओले पंचे घेऊन बाहेर येत होती, आणि कांचनच्या तोंडून निघाले, "तिचे कागद अजून तपासतायत वाटतं. येईल."

"येईल की," मनाली म्हणाली. "माझी अजून तयारी कुठे झालीय?"

ती तयारी करत राहिली. रात्रीची भांडी आवरताना ती सानवीला विचारी, "मागची गाडी आपल्याला ओलांडून पुढे चाललीय, तर आपण काय करायचं?" सानवी म्हणे, "तू सांग." आणि मनाली सांगे, "तिला अडवायचं नाही. आपला वेग वाढवायचा नाही. जाऊ द्यायचं." कांचन शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसलेली असे. लाल पेन तिच्या हातात तसेच राही. एकदा ती उठून दारापर्यंत गेलीही. मनालीने वर पाहून विचारले, "काही हवंय का वहिनी?" आणि कांचन पाणी पिऊन परत आली.

एक खोटे बोलल्यावर त्याला धरून राहण्यासाठी पुढचे बोलावे लागते. मनालीने दोनदा विचारले आणि दोनदा कांचनने सांगितले की आपण सायबर कॅफेत जाऊन चौकशी केली, कागद अडकलेत. मनाली म्हणाली, "माझ्यासाठी किती त्रास तुम्हाला."

परीक्षेच्या सकाळी मनालीने सानवीच्या हातावर दही ठेवले. "मला सगळे प्रश्न लक्षात ठेवून सांग हं," तिने बजावले. मायलेकी गाडीने निघाल्या. कांचनला वाटले होते की मुलगी आत जाईल, आपण बाहेर थांबू, आणि हे सगळे नकळत पार पडेल.

पण नावे बाहेर, सगळ्यांसमोर पुकारत होते. बाकांवर कॉलेजची पोरे, दोन-तीन बायका, एक म्हातारे गृहस्थ बसले होते. दारात उभा राहून एक कर्मचारी गुजरातीत नावे घेत होता.

"कारखानीस सानवी भास्करभाई!"

सानवी उठली.

"कारखानीस मनाली आशयभाई!"

सानवी दारापाशीच थांबली. तिने वळून आईकडे पाहिले. चेहऱ्यावर आधी नुसता आनंद होता. काकूची तारीख आली, काहीतरी गोंधळ झाला, आता फोन करून तिला बोलावता येईल, असा. "आई! काकूचं नाव!"

कांचन पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"मनालीबेन कारखानीस! छे कोई?" कर्मचाऱ्याने पुन्हा विचारले. मग त्याने कांचनकडेच पाहिले, कारण मुलगी तिच्याकडे पाहत होती. "तमे, बेन?"

"ना," कांचन म्हणाली. "हूं नथी. ए नथी आव्यां."

त्या आल्या नाहीत, हे तिच्या तोंडून इतक्या सहज आले की सानवीच्या चेहऱ्यावरचा आनंद जागच्या जागी विझला. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा पास झाली होती. शेजारची मुले एकमेकांना टाळ्या देत होती. सानवी सरळ गाडीत जाऊन बसली.

सिग्नलला गाडी थांबल्यावर तिने विचारले, "तुला माहीत होतं?"

"सानवी, घरी गेल्यावर बोलू."

"म्हणजे माहीत होतं."

"अण्णांचं कोण बघणार, हा विचार केलायस कधी?"

"तू केलास ना? मग तिला सांगायचं होतंस. म्हणायचं होतंस, मनाली, जाऊ नकोस, माझ्याच्याने होत नाही. ती थांबली असती, आई. तुला माहितीय ती थांबली असती. मग खोटं कशाला बोललीस?"

मागची गाडी हॉर्न देऊ लागली. कांचनला सिग्नल सुटलेला कळलाच नव्हता.

घरी मनालीने शिरा करून ठेवला होता, वर बदाम लावून. "पास ना? मला माहीतच होतं! ये, आधी तोंड गोड कर. मग सांग काय काय विचारलं." सानवीने एक घास घेतला. तो तिला गिळवेना. "काकू, डोकं दुखतंय," म्हणून ती आत गेली आणि आतून कडी लावली. शिरा कांचनने संपवला. न संपवता उठणे तिला जमले नाही, कारण मनाली समोर बसून विचारत होती, "गोड बरोबर झालंय का वहिनी?"

सानवीने आईशी बोलणे टाकले. एकदाच ती कपाटापाशी येऊन म्हणाली, "मी सांगितलं तर ती चुगली होईल. तू सांगितलंस तर काहीतरी वेगळं होईल. मी वाट बघतेय." गाडीच्या क्लासला जायलाही तिने नकार दिला. मनालीला वाटले, परीक्षेचा ताण आला असेल.

भास्करला कांचनने सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "झालं ते झालं. पावसाळ्यानंतर परत अर्ज भर. आता बोलून घरातली शांतता कशाला घालवतेस? आपण काय तिला उपाशी ठेवलंय?"

खरेच, उपाशी कुणी ठेवले नव्हते. मनालीला साडी सणाला कांचनच्याच बरोबरीची येई. हळदीकुंकवाला तिला आतल्या खोलीत ठेवत नसत, सगळ्यांबरोबर बसवत. तिला कुणी एका शब्दाने दुखवले नव्हते. कारखानिसांच्या घरात सोवळे नव्हते, व्रते लादणे नव्हते, लोक ज्याला छळ म्हणतात त्यातले काहीच नव्हते. एका विधवेचा सगळा दिवस, पहाटेपासून निजेपर्यंतचा, तिला न विचारता घेतलेला होता, आणि तो आपण घेतलाय हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हते. कांचनला ते आता ठाऊक झाले होते. वर्गात मुलींसमोर "समान संधी" हा धडा शिकवताना तिचा आवाज बसला आणि तिने उरलेला तास मुलींना मनातल्या मनात वाचायला सांगितला.

मे महिन्यात पूर्वीबेन डाळतांदळाचा खमंग हांडवो घेऊन वर आल्या. भास्कर हिंचक्यावर झोके घेत होता, सानवी अभ्यासाच्या टेबलाशी. मनालीने चहा टाकला. पूर्वीबेन जरा वेळ इकडचे तिकडचे बोलल्या आणि मग म्हणाल्या, "मनाली, मी फार थांबले गं. पण शाळा उघडायला आली. मला पक्क्या लायसनची बेन जोईए. वाडी भागातली एक मिळाली. तिला हो सांगून आले. वाईट नको मानू हं."

मनालीच्या हातातली गाळणी कपावर जरा वेळ तशीच राहिली. मग ती म्हणाली, "नाही हो, तुम्ही तरी किती थांबणार. सरकारी काम असंच. वहिनींनी तर माझ्यासाठी किती हेलपाटे घातले. एवढ्या उन्हात दोनदा जाऊन आल्या. नशिबातच नसेल, त्याला..."

"मी गेले नव्हते," कांचन म्हणाली.

भास्करने पाय टेकवून हिंचका थांबवला. "कांचन, जरा आत ये."

"नाही." ती उभी राहिली होती. हात ओट्याच्या कडेला धरलेला. "मनाली, मी कुठेही गेले नव्हते. तुझे कागद अडकले नव्हते. तुझी तारीख आली होती. सानवीचीच तारीख. तिथे तुझं नाव पुकारलं, मी समोर बसले होते, आणि ती आली नाही असं मी सांगितलं."

पूर्वीबेननी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी?" मनालीने विचारले. "मी शिरा केला होता त्या दिवशी?"

"हो."

"तुम्ही खाल्लात तो."

कांचनला मान वर करता येईना.

"अगं, तिच्या मनात तसं काही नव्हतं," भास्कर म्हणाला. "अण्णांच्या काळजीपोटी..."

मनाली त्याच्याकडे वळली. "दादा, तुम्हालाही माहीत होतं?"

भास्कर गॅलरीकडे पाहू लागला. मनालीने सानवीकडे पाहिले. सानवी रडत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णांचा तो अर्धवट आवाज आला. त्यांच्या खाण्याची वेळ झाली होती. मनालीने वाटीत भात कालवला, वर तूप सोडले आणि आत जाऊन दार लोटून घेतले. पूर्वीबेन "हूं जाऊं" एवढेच म्हणून निघाल्या. दाराआडून मनालीचा आवाज ऐकू येत होता, रोजचाच, जराही न बदललेला. "आ करा अण्णा. अजून एक. शाब्बास." कांचनला तिने ओरडलेले चालले असते, भांडी आपटलेली चालली असती. तो आवाज ऐकवेना.

वाटी विसळून मनाली बाहेर आली. पदराला हात पुसून ती कांचनसमोर उभी राहिली.

"माझ्या आधारवरून तुमचा नंबर काढून घ्यायचाय. उद्याच जाते. माझा फोन आहे, माझे निरोप माझ्यावर येऊ देत."

"मनाली, मी..."

"थांबा वहिनी, मला बोलू द्या. सहा वर्षांत मी बोलले नाही, म्हणून तुम्हाला वाटलं मला काही म्हणायचंच नाही. अण्णांचं मी जीव लावून केलं. ते मला सून म्हणाले नाहीत कधी, पोरी म्हणायचे. तुम्ही विचारलं असतंत तर मी पहाटे उठून त्यांचं सगळं करून गेले असते. तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही ठरवलंत." तिने अण्णांच्या खोलीकडे हात केला. "उद्यापासून सकाळचं अण्णांचं तुम्ही आणि दादा बघा. दुपारचं मी बघीन. मी घर सोडून जात नाही. दादा म्हणाले होते ना सगळ्यांसमोर, हे तिचंच घर आहे? मग मी इथे घरची आहे की कामाची, ते एकदा तुम्ही दोघं बसून ठरवा."

दुसऱ्या दिवशी ती आधार केंद्रावर गेली, एकटी. कांचन आणि भास्कर अण्णांच्या खोलीत उभे होते. भास्करने वडिलांना काखेत हात घालून उचलले. इतक्या वर्षांत त्याने त्यांना असे उचलले नव्हते, आणि ते किती हलके झालेत हे कळल्यावर तो चमकला. कांचनने कोमट पाण्यात पंचा पिळला. आज तिने नाकाला काही बांधले नव्हते. अण्णा डावीकडे मान वळवून दाराकडे पाहत होते.

"म... म..." ते म्हणाले.

"मनाली बाहेर गेलीय, अण्णा. तिला गाडी शिकायचीय. मी तिला अडवलं होतं." ती त्यांच्या पाठीवरून पंचा फिरवत राहिली. "आता नाही अडवणार."

अण्णांचा अर्धा चेहरा हलला. ते हसले की रडले, त्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हते.

पुढे सकाळसाठी एक माणूस ठेवला. अण्णांना परक्याचा हात दोनच दिवस चालला नाही. तिसऱ्या दिवशी चालला. इतक्या सोप्या गोष्टीसाठी आपण काय केले, या विचाराने कांचनला कित्येक दिवस जेवण गोड लागले नाही. पर्यवेक्षकपदाची मुलाखत तिने दिली आणि ते पद तिला मिळाले. घरात पेढे आणायचे कुणाच्या लक्षात आले नाही, आणि तिनेही आणले नाहीत.

मनालीने पुन्हा अर्ज भरला, या वेळी स्वतः, सानवीला शेजारी बसवून. कांचन म्हणाली, "मी सोडते तुला गाडीने." मनाली म्हणाली, "नको, मी रिक्षाने जाईन." पहिल्या खेपेला ती नापास झाली, भीतीने खुणांची गल्लत झाली. तिने घरात कुणाला सांगितले नाही. दुसऱ्या खेपेला पास झाली आणि येऊन आधी अण्णांना सांगितले. कांचनने ते स्वयंपाकघरातून ऐकले. आत जाऊन आनंद दाखवण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे न कळून ती तिथेच उभी राहिली. पूर्वीबेनची नवी व्हॅन दिवाळीनंतर येणार होती. तोवर मनाली मदतनीस म्हणून पोरांना चढवायला-उतरवायला जाऊ लागली.

ती कांचनशी बोलत असे. भाजी काय करायची, गॅस कधी संपला, अण्णांचे औषध आणले का. "वहिनी" म्हणे, "तुम्ही" म्हणे. कुठे काही कमी नव्हते. पण पूर्वी ती दुपारचे काहीतरी आठवून आपणहून सांगत येई, ते आता येत नसे.

पक्क्या लायसन्सची परीक्षा जवळ आली तेव्हा क्लासचे दिवस संपले होते. एका रविवारी सकाळी मनाली कांचनच्या दाराशी आली. "वहिनी, वेळ आहे? मला सराव करायचाय. शेजारी लायसन्सवालं कुणीतरी लागतं. दादा अण्णांजवळ बसतायत."

कांचन चप्पल घालून तशीच निघाली. बाजव्याच्या बाजूला रिफायनरीजवळ रुंद, मोकळा रस्ता आहे. रविवारी तिथे फारशी वर्दळ नसते. मनालीने आरसा नीट केला, पट्टा लावला, गाडी सुरू केली. एकदा ती बंद पडली. तिने पुन्हा सुरू केली. मग गाडी हळूहळू चालू लागली. दोन्ही बाजूंना झाडे होती, समोर एक सायकलवाला चालला होता. मनालीने त्याच्यापासून अंतर ठेवून, आरशात बघून, गाडी बाजूने पुढे काढली. कांचनने पाहिले, तिचे हात स्थिर होते.

इतक्या महिन्यांत दोघी प्रथमच अशा एकट्या होत्या. "मनाली," ती म्हणाली, "मी तुझी माफी मागितलीच नाही अजून. मी जे केलं ना..."

मनालीने तिच्याकडे पाहिले नाही. समोर वळण येत होते.

"आत्ता नको, वहिनी," ती म्हणाली. "आत्ता मला रस्ता बघू द्या."

कांचननेही समोर पाहिले. मनालीने वळणावर वेग कमी केला.